हिमस्खलन म्हणजे नेमके काय?

कडाक्याच्या थंडीत महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी आणि लिंगमळ्यात दवबिंदू गोठतात, एवढाच काय तो सातारा जिल्ह्याचा हिमाशी संबंध. सांगलीला तोही नाही. तरीही हिमस्खलन हा शब्द या दोन्ही जिल्ह्यांना अपरिचित राहिलेला नाही. कारण येथील घराघरांतून तरुण सैन्यात जातात. सियाचीनमधील सोनम चौकीवर ३ फेब्रुवारी २०१६ रोजी गाडल्या गेलेल्या १० जवानांमध्ये माण तालुक्यातील मस्करवाडीचे सुनील सूर्यवंशी होते. पुढच्याच वर्षी, जानेवारी २०१७ मध्ये, काश्मीरच्या माछिल क्षेत्रात प्राण गमावलेल्या ५ जवानांत सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांचे सुपुत्र होते.

दोन्ही घटनांच्या बातम्या 'हिमस्खलन' याच शब्दाने छापून आल्या. वस्तुतः त्या एकसारख्या नव्हत्या. सोनम चौकी सुमारे साडेएकोणीस हजार फुटांवर होती आणि तिच्यावर कोसळला तो हिमनदीवरील बर्फाचा अजस्र कडा. हा बर्फ काँक्रीटसारखा टणक असल्याने शोधपथकाला तो यंत्रांनी कापत जावे लागले. माछिलमध्ये बर्फाखालची वाट खचली आणि जवान आत गाडले गेले. पाचही जणांना जिवंत बाहेर काढण्यात यश आले होते; मात्र खराब हवामानामुळे त्यांना वेळेत हवाईमार्गे हलविता आले नाही आणि ३० जानेवारीला श्रीनगर येथे त्यांचा मृत्यू झाला.

पर्वतात फिरणाऱ्यांचा सर्वाधिक बळी घेणारे हिमस्खलन मात्र तिसऱ्याच प्रकारचे असते. डोंगरउतारावरचे हिम एकजिनसी नसते. प्रत्येक हिमवृष्टीचा एक थर, अशी त्याची चळत तयार होते. निरभ्र, अतिथंड रात्री लागोपाठ आल्या की तळाशी असलेल्या हिमाचे रूपांतर रवाळ साखरेसारख्या सुट्या कणांत होते. त्यावर नवे हिम पडले किंवा वाऱ्याने आणून टाकले, की वर घट्ट पापुद्रा आणि खाली भुसभुशीत थर अशी स्थिती निर्माण होते. मग एका माणसाचे वजनही पुरते. खालचा थर ढासळतो, तडा क्षणार्धात दूरवर पळतो आणि अख्खा उतारच फरशीसारखा सुटून खाली येतो.

३० ते ४५ अंशांचे उतार यासाठी सर्वांत घातक. त्याहून उभ्या कड्यावर हिम साचतच नाही, थोडे थोडे घसरून जाते. त्याहून सौम्य उतारावर ते सहसा सुटत नाही. सह्याद्रीत घडलेल्या गिर्यारोहकाची नजर येथे फसण्याचा संभव असतो. त्याला भीती वाटते ती काळ्या कातळाची. समोरचा गुळगुळीत पांढरा उतार त्याला सोपा वाटतो. प्रत्यक्षात धोका तेथेच असतो. वाऱ्याच्या आडोशाची बाजू, मुसळधार हिमवृष्टीनंतरचे पहिले एक-दोन दिवस आणि अचानक वाढलेले तापमान, ही तीन कारणे एकत्र आली तर तो आणखी वाढतो. पावलाखाली 'ढप्प' असा दबका आवाज येणे किंवा हिमात तडे धावताना दिसणे, हे परत फिरण्याचे उघड इशारे होत.

हा केवळ हिवाळ्यातला धोका, असे मानणेही चुकीचे ठरते. उत्तरकाशी येथील नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या तुकडीवर 'द्रौपदी का दांडा' शिखराजवळ हिमस्खलन कोसळले ते ४ ऑक्टोबर २०२२ रोजी. त्यात २७ जणांचे मृतदेह सापडले, तर दोघे बेपत्ता राहिले.

सोनम चौकीवरील लान्सनायक हणमंतप्पा कोप्पड सहाव्या दिवशी जिवंत सापडले होते. ११ फेब्रुवारी २०१६ रोजी त्यांचे दिल्लीत निधन झाले. त्या घटनेने देश हेलावला. परंतु तो अपवाद होता, आणि त्यावरून बांधलेली आशा फसवी ठरते. गाडलेल्या माणसाचा जीव बहुधा गुदमरून जातो. पहिल्या १० ते १५ मिनिटांत बाहेर काढलेले बहुतेक जण वाचतात, अर्ध्या तासानंतर मात्र ही शक्यता फार वेगाने घटते. बाहेरचे बचावपथक इतक्या वेळात पोहोचणे जवळपास अशक्य. म्हणजे खरी सुटका सोबतीच्या माणसांच्याच हाती. त्यासाठी प्रत्येकाच्या अंगावर संदेश पाठविणारे व टिपणारे बीकन आणि पाठीवर लांब जोडसळई व फावडे लागते. तिघांपैकी एक वस्तू नसेल तर उरलेल्या दोन फारशा कामाच्या नाहीत.

देशात या विषयाचा अभ्यास १९६९ मध्ये मनालीत स्थापन झालेल्या संस्थेने सुरू केला. २०२० मध्ये तिचे विलीनीकरण होऊन संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेअंतर्गत नवी संस्था अस्तित्वात आली. दरडींचा अभ्यासही आता तिच्याकडेच आहे. तिचे इशारे जिल्हा वा क्षेत्रनिहाय असतात, एकेका उताराचे नसतात. समोरच्या उताराची परीक्षा तेथे उभ्या असलेल्यानेच करायची असते: सुरक्षित जागी, त्याच दिशेच्या उतारावर खड्डा खणून थर उघडे करायचे आणि खाली रवाळ हिम लागते का, ते पाहायचे. ट्रेकला निघणाऱ्याला हा खड्डा खणता येतो. गस्तीवर असलेल्या जवानाला वेळ आणि वाट, दोन्ही निवडण्याची मुभा क्वचितच मिळते.