पॉम्पेईला जायचं तर जूनमध्ये

जून धरा. इसवी सन ७९चा जून. त्यापुढे तिथे रेंगाळायचं नाही.

पुतेओलीच्या बंदरात अलेक्झांड्रियाहून धान्य घेऊन आलेली जहाजं उभी असतात. तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने येऊन, चढ चढून, समुद्राकडच्या वेशीतून तुम्ही पॉम्पेईत शिरता. उत्तरेला व्हेसुव्हियस दिसतो. हिरवागार, उतारांवर द्राक्षमळे. इथल्या एका घराच्या देवघरात याच डोंगराचं चित्र रंगवलंय आणि शेजारी मद्याचा देव बाकस उभा आहे, अंगभर द्राक्षांचे घोस लेवून. गावाच्या लेखी हा डोंगर म्हणजे दारूचा धनी. त्याची धास्ती कुणालाच नाही.

रस्त्यावर पाय जपून टाका. काळ्या दगडांत गाड्यांनी खोल चाकोऱ्या पाडल्या आहेत. पलीकडे जायला मध्ये उंच दगड बसवलेत, चाकं निघून जातील एवढी फट ठेवून. नाक्यानाक्यावर पाण्याचे दगडी हौद आहेत. एखाद्या हौदावर वाकलात की काठ बघा: पाणी प्यायला वाकताना लोक जिथे हात टेकतात, तिथे दगड झिजून गुळगुळीत खळगा पडलाय. तुमचा तळवाही आपोआप तिथेच जातो. पॉम्पेईत मला सगळ्यात जवळची वाटते ती ही जागा.

गावभर पडझड आणि दुरुस्ती दिसेल. सतरा वर्षांपूर्वीच्या भूकंपाने निम्मं गाव मोडलं आणि बांधकाम अजून संपलेलं नाही. कुठे नळ घालायला रस्ता उकरलाय, कुठे भिंतीचा गिलावा ओला आहे. इसिसचं देऊळ मात्र पुरं झालं. त्याच्या दारावर देणगीदार म्हणून सहा वर्षांच्या एका मुलाचं नाव कोरलंय.

भूक लागली असेल. टोमॅटो इथे नाही, मिरची नाही, बटाटा नाही. पिझ्झाचा विचार सोडा. कोपऱ्यावरच्या पोपीनात, म्हणजे खाणावळीत जा. रस्त्याला लागूनच ओटा आणि ओट्यात गळ्यापर्यंत पुरलेले मातीचे रांजण. गावाच्या उत्तर भागातल्या एका ओट्यावर उलटी टांगलेली बदकं, कोंबडा, पट्टा बांधलेला कुत्रा अशी चित्रं आहेत, रंग अगदी ताजे. तिथल्या भांड्यांत बदक, डुक्कर, बकरा, मासे, गोगलगायी असतात. वारुणीच्या रांजणाच्या तळाशी भरडलेल्या शेंगांच्या बिया सापडतील. दारूचा रंग उतरावा म्हणून त्या टाकतात, तेव्हा दचकू नका.

पाव घ्या. गावात बेकऱ्या तीसच्या वर आहेत. पाव गोल, वरून आठ फोडींच्या खाचा पाडलेला, म्हणून मोडून वाटायला सोपा. भट्टीमागे एकदा डोकावाच. काळ्या दगडाचं कमरेत बारीक जातं आणि त्याला जुंपलेलं गाढव, दिवसभर त्याच जागी गोल. शेजारी पीठ भरणारा माणूस बहुधा गुलाम असतो. हा पाव खाताना तो डोळ्यांआड होऊ देऊ नका.

पावाबरोबर गारुम. माशांची आतडी मिठात घालून उन्हात कुजवत ठेवतात आणि वर सुटणारं पाणी गाळून घेतात. सुकटीच्या वासात वाढलेल्या कोकणी माणसाला ते पहिल्या घासातच आवडेल, इतरांना दोन दिवस लागतील. या धंद्यातला बडा असामी औलुस उंब्रिकियुस स्काउरुस. त्याने आपल्या घराच्या जमिनीवर गारुमच्या बरण्याच बारीक दगडांत जडवून घेतल्या.

दारूचे भाव भिंतीवर लिहिलेले सापडतात: एका आस नाण्यात साधी, दोन आसांत बरी, चार मोजलेत तर फालेर्नियन. चार मोजा.

आसेलिनाच्या दुकानाच्या भिंतीवर निवडणुकीचा प्रचार रंगवलाय, तोही बायकांच्या नावाने: एग्ले, ज्मिरिना, मारिया. अमक्याला निवडून द्या म्हणतात. मताचा अधिकार यांतल्या एकीलाही नाही. तरी नाव रंगवून घेतलं, याचं मला फार कौतुक वाटतं.

मुक्कामाला सित्तियुसची सराई चांगली. दारावर हत्तीचं चित्र आहे, तिथे तीन बाकांची जेवणाची खोलीही भाड्याने मिळते. खाट अरुंद असते, आणि निजण्याआधी खोलीत मूत्रपात्र आहे का ते बघून घ्या. एका पाहुण्याने ते न मिळाल्यामुळे काय झालं, ते भिंतीवर लिहून ठेवलंय. दुसऱ्या एका खोलीत विबियुस रेस्तितुतुस नावाच्या माणसाने लिहिलंय, की तो इथे एकटाच झोपला आणि त्याला त्याच्या उर्बानाची आठवण येत राहिली. ती ओळ वाचल्यावर बाजूच्या खोलीतला गोंगाटही सहन होतो.

दुपार न्हाणीघरात घालवा. चौकाजवळचं गाठा. गरम खोलीत जमिनीखालून ऊन हवा खेळवतात, तेव्हा अनवाणी शिरू नका, लाकडी खडावा घाला. छताला लांबलांब पन्हळी आहेत. वाफेचं पाणी त्यांतून भिंतीकडे ओघळतं, म्हणून डोक्यावर थेंब पडत नाही. समोरच्या संगमरवरी परातीच्या काठावर ब्राँझच्या अक्षरांत तिचा खर्चही मांडलाय: ५,२५० सेस्टर्स. गावात अँफिथिएटरही आहे, वीस हजार माणसांचं. माणूस मरताना बघायचं असेल तर जा. मी सुचवणार नाही.

जून सरला की निघा. व्हेसुव्हियसच्या उद्रेकाचा दिवस २४ ऑगस्टचा, असं फार काळ मानलं गेलं. २०१८ साली एका भिंतीवर कोळशाने लिहिलेली ऑक्टोबरची तारीख मिळाली, आणि आता शरद ऋतूकडे बोट दाखवलं जातं. आधी काही दिवस जमीन हलते, पण या भागात ती नेहमीच हलते म्हणून कुणी उठत नाही. तुम्ही नुचेरियाच्या वाटेने पूर्वेला जा. हर्क्युलेनियमकडे मुळीच नको, ते गाव त्याच डोंगराच्या पायथ्याशी आहे.

निघण्याआधी मोठ्या रस्त्यावरचं एक घर बघाच. सकाळी मालकाच्या भेटीला माणसं येतात, त्यांच्यात मिसळून आत शिरा. आत हस्तिदंताची वीतभर उंचीची एक बाई आहे. पायांत घोट्यापासून गुडघ्याकडे चढत गेलेली वळी, गळ्यात भरगच्च हार, दोन बाजूंना दोन दासी. तुम्हाला ओळख पटवून द्यावी लागणार नाही. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या उत्खननात याच घडणीचा हस्तिदंती तुकडा मिळाला, म्हणून काही अभ्यासक ती सातवाहनांच्या मुलखातली मानतात. बुडाशी खरोष्ठी अक्षर असल्याने कुणी वायव्येकडेही बघतात. मला भोकरदन पटतं. त्याच शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या टिपणात पैठण, तेर, कल्याण, सोपारा ही सगळी नावं आहेत. पैठण आणि तेरचा माल गाड्यांवरून भडोचला उतरायचा, तिथून जहाजाने तांबड्या समुद्रात, पुढे अलेक्झांड्रिया, आणि तिथून याच पुतेओलीला. १९३८ साली ही हस्तिदंती बाई राखेखालून निघाली. आता नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे, आणि तिथे जायला जूनच हवा असं नाही.