उपासकाची दीक्षा : सांची ते नागपूर

भोपाळपासून सुमारे ४५ किलोमीटरांवरील सांचीचा स्तूप आपण पाहतो तो बहुधा तोरणांवरील शिल्पांसाठी. परंतु मनुष्य बौद्ध होतो म्हणजे नेमके काय होते, या प्रश्नाचा शोध घेणाऱ्याने तेथील लहान लहान दानलेख वाचावेत. शेकड्यांनी मोजावे लागणाऱ्या या लेखांत भिक्षू व भिक्षुणी आहेत, तसेच उज्जयिनी-विदिशेकडील श्रेष्ठी, लेखक व स्त्रियाही आहेत. दक्षिण तोरणावर तर विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्या कारागिरांनी स्वतःच्या कामाची नोंद ठेवली आहे. या लोकांनी दान दिले एवढे दगड सांगतो. त्यांनी अन्य उपासना सोडल्या होत्या की नाही, हे तो सांगत नाही.

याच ठिकाणी अशोकाच्या भग्न स्तंभावर निराळाच आदेश आहे. संघात फूट पाडणाऱ्या भिक्षूस वा भिक्षुणीस शुभ्र वस्त्रे नेसवून संघाच्या निवासाबाहेर ठेवावे, असे तो बजावतो. शुभ्र वस्त्र हा गृहस्थाचा वेष. म्हणजे संघाची सीमा रेखलेली होती. गृहस्थ उपासकाची सीमा मात्र मोकळी होती. तो त्रिशरण म्हणे, दान देई. परंतु पूर्वीचे कुलाचार सोडण्याचे बंधन त्याच्यावर नव्हते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमके येथेच बोट ठेवले. त्यांच्या निधनानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथात ते म्हणतात की, भिक्षूसाठी संघदीक्षा होती, पण गृहस्थासाठी स्वतंत्र धम्मदीक्षा नव्हती. ही गंभीर उणीव भारतातील बौद्ध धर्माच्या ऱ्हासाचे एक कारण ठरली. हे कारण किती प्रधान मानावे याविषयी इतिहासकारांत मतभेद संभवतात. तथापि नागपूरचा सोहळा समजून घ्यावयाचा तर ही मीमांसा दृष्टीआड करता येत नाही.

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास त्यांनी धर्मत्यागाचा निश्चय जाहीर केला. प्रत्यक्ष दीक्षा घेतली ती १४ ऑक्टोबर १९५६ रोजी. मधल्या एकवीस वर्षांत इतर धर्मांचाही विचार झाला, ग्रंथांचे परिशीलन झाले आणि १९५५ साली भारतीय बौद्ध महासभा स्थापन झाली. नागपुरास महास्थविर चंद्रमणी यांनी डॉ. आंबेडकर व सविताबाई यांस त्रिशरण व पंचशील दिले. त्यानंतर बाबासाहेबांनी, स्वतः गृहस्थ असताना, लाखोंच्या समुदायास दीक्षा दिली व त्रिशरण-पंचशीलांस बावीस प्रतिज्ञांची जोड दिली. जुन्या देवतांची पूजा, श्राद्ध व पिंडदान यांचा त्याग त्यांत स्पष्ट शब्दांत आहे. सांचीच्या उपासकासाठी जी रेषा कोणी आखली नव्हती, ती येथे आखली गेली. त्या दिवशी जनसमुदाय शुभ्र वस्त्रांत आला होता. अशोकाच्या आदेशात जो वेष संघातून काढलेल्याचा, तोच येथे धम्मात प्रवेश करणाऱ्याचा झाला.

धर्म ही अंतःकरणाची गोष्ट, मग विधीचा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, ज्याची अस्पृश्यता समाजाने उघडपणे लादली होती, त्याने तिचा त्याग मनातल्या मनात करून भागत नव्हते. शिवाय हा निश्चय फुकटचा नव्हता. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार हिंदुधर्माबाहेर गेलेल्याचे अनुसूचित जातीचे स्थान जात असे. १९५६ साली शिखांना व १९९० साली बौद्धांना त्यात स्थान मिळाले. तरीही १९५१ च्या जनगणनेत देशात जे बौद्ध सुमारे १ लाख ८० हजार होते, ते १९६१ मध्ये साडेबत्तीस लाखांवर गेले. शाळेच्या दाखल्यावरील एका शब्दाने विद्यार्थ्याच्या पुढील वाटा कशा बदलतात, हे आम्हां शिक्षकांस ठाऊक आहे; म्हणूनच या आकड्यामागील त्यागाचे मोल आम्हांस अधिक वाटते.

दीक्षेच्या दिवशी नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती. अठरा दिवसांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, तो मान भोपाळकडे आला. राज्यांच्या सीमा शासनाने बदलल्या. धर्माची सीमा मात्र त्या गृहस्थांनी स्वतःच्या मुखाने प्रतिज्ञा उच्चारून ओलांडली होती. सांचीच्या उपासकांनी दगडावर दान नोंदविले. नागपूरच्या उपासकांनी जनगणनेत आपला धर्म नोंदविला आणि त्याची किंमतही मोजली.