आर्थिक अभिसरणाचे मापन

गरीब देशांचे दरडोई उत्पन्न श्रीमंत देशांच्या उत्पन्नाजवळ सरकते आहे का, आणि किती वेगाने, हे दीर्घकाळाच्या आकडेवारीवरून तपासण्याच्या सांख्यिकीय पद्धती. या विचाराचे मूळ रॉबर्ट सोलो यांनी १९५६ मध्ये मांडलेल्या वृद्धिप्रतिमानात आहे. भांडवल तुटपुंजे असेल तिथे नव्या भांडवलावर परतावा जास्त मिळतो. त्यामुळे बाकी परिस्थिती सारखी असेल तर गरीब देशाची वाढ अधिक वेगाने व्हायला हवी.

बीटा अभिसरण तपासताना प्रत्येक देशाचा सरासरी वार्षिक वृद्धिदर आणि आरंभवर्षातील दरडोई उत्पन्नाचा लॉग यांच्यात समाश्रयण करतात. रेषेचा उतार ऋण आला, तर मागचे देश वेगाने वाढत आहेत. ३० वर्षांच्या कालखंडासाठी उतार उणे ०.०१५ आला, तर अभिसरणाचा वेग वर्षाला सुमारे २ टक्के पडतो. या गतीने अंतर निम्मे व्हायला जवळजवळ ३५ वर्षे लागतात. रॉबर्ट बॅरो आणि झेवियर साला-इ-मार्टिन यांना १९९२ च्या अभ्यासात अमेरिकेच्या राज्यांमध्ये याच सुमाराचा वेग आढळला. सिग्मा अभिसरणात मात्र प्रत्येक वर्षी सर्व देशांच्या उत्पन्नाच्या लॉगचे प्रमाण विचलन काढून ते घटते का, हे पाहतात. दोन्हींची गल्लत होता कामा नये. उंच बापांची मुले सरासरीकडे झुकतात, म्हणून पुढच्या पिढीतील उंचीतला फरक कमी होतो असे नाही. गॉल्टन यांच्या नावाने ओळखला जाणारा हा तर्कदोष डॅनी क्वा यांनी १९९३ मध्ये अभिसरणाच्या अभ्यासांत दाखवून दिला.

संगणकावरचे काम थोडके आहे. पेन वर्ल्ड टेबलमधून क्रयशक्तीनुसार समायोजित आकडे घ्यायचे, लॉग काढायचा आणि स्टाटा किंवा आर या प्रणालीत एका ओळीची आज्ञा द्यायची. खरा निर्णय त्याआधीच झालेला असतो: यादीत कोणते देश, आणि सुरुवात कोणत्या वर्षापासून. विल्यम बोमॉल यांनी १९८६ मध्ये अँगस मॅडिसन यांची आकडेवारी वापरून १६ देशांत १८७० ते १९७९ या काळात ठळक अभिसरण दाखवले. ब्रॅडफर्ड डीलाँग यांनी १९८८ मध्ये त्यावर मूलगामी आक्षेप घेतला. हे १६ देश आज श्रीमंत आहेत, म्हणूनच त्यांचे जुने आकडे जुळवले गेले होते. मागे पडलेल्यांना यादीत जागाच नव्हती. १८७० मध्ये ज्यांचे भविष्य उज्ज्वल वाटत होते असे अर्जेंटिना, चिली, पूर्व जर्मनी, आयर्लंड, न्यूझीलंड, पोर्तुगाल आणि स्पेन त्यांनी घेतले, जपान वगळला, आणि अभिसरणाचा पुरावा जवळपास विरून गेला. या विषयातील प्रत्येक नव्या अभ्यासकाने सर्वांत आधी वाचावा असा हा वाद आहे.

लोकसंख्येचा भार द्यायचा की नाही, यानेही उत्तर पालटते. प्रत्येक देश समान मोजला, तर विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत देशादेशांतील विषमता वाढलेली दिसते. भार दिल्यास चीन आणि भारत यांच्या वाढीमुळे ती घटलेली दिसते. ब्रँको मिलानोविच यांनी या दोन मोजण्या काटेकोरपणे वेगळ्या केल्या.

सर्व देश एकाच पातळीकडे जात नसतील, तर त्यांचे गट शोधावे लागतात. पीटर फिलिप्स आणि डोंगग्यू सुल यांची २००७ मधील लॉग-टी चाचणी त्यासाठी वापरतात. आधी व्यापारचक्राचे चढउतार गाळतात, मग सुरुवातीची सुमारे एक तृतीयांश वर्षे सोडून उरलेल्या काळात देशांमधील तफावत कशी बदलते ते पाहतात. टी-मूल्य उणे १.६५ पेक्षा खाली गेले, तर सर्वांचे अभिसरण नाकारून लहान गटांची चाचपणी सुरू होते. यासाठी स्टाटा आणि आर या दोन्हींत तयार आज्ञावल्या उपलब्ध आहेत.

हीच साधने देशांतर्गत प्रदेशांनाही लावतात. भारताच्या २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीत राज्यांची दरडोई उत्पन्ने जवळ येण्याऐवजी दुरावत असल्याचे नोंदवले आहे.