माफी कोणी कोणाला द्यायची?



मायल्स जॉइस या आयरिश माणसाला १८८२ मध्ये गॉलवेच्या तुरुंगात फाशी दिली गेली. खटला इंग्रजीत चालला आणि त्याला इंग्रजी येत नव्हती. २०१८ मध्ये आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्षांनी त्याला मरणोत्तर माफी दिली. त्याच वर्षी कॅनडाच्या पंतप्रधानांनी १८६४-६५ मध्ये फासावर गेलेल्या सहा त्सिल्कोतिन आदिवासी प्रमुखांना निर्दोष जाहीर केले. या प्रमुखांना शांततेच्या बोलणीसाठी बोलावून पकडले होते.

आता आपल्याकडे या. भिवडीच्या उमाजी नाईकांना ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात फाशी झाली. पुरंदरच्या राखणीचा रामोशांचा हक्क दुसऱ्या बाजीरावाच्या काळातच हिरावला गेला होता. इंग्रज आले, पण न्याय आला नाही. उमाजींनी बंड केले, १८३१ मध्ये जाहीरनामा काढला. कंपनी सरकारच्या कागदात मात्र ते दरोडेखोरच राहिले.

मग उमाजींसाठी माफी मागायची का? मला हा शब्दच मान्य नाही. माफी गुन्हेगाराला देतात. जॉइसने खून केलाच नव्हता, उमाजींनी मात्र बंड केले होते आणि ते उघडपणे केले होते. म्हणून आपली मागणी कॅनडासारखी हवी : हा गुन्हा नव्हताच, असे सरकारने लेखी म्हणावे.

पण एवढ्याने भागत नाही. फाशी एकाला झाली, शिक्का मात्र साऱ्या जमातीवर बसला. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ मध्ये मुंबई इलाख्यातही आला. माणूस जन्मताच संशयित! बाबासाहेबांनी १९४८ मध्ये 'द अनटचेबल्स'च्या प्रस्तावनेत अस्पृश्य, आदिवासी आणि गुन्हेगार ठरवलेल्या जमाती एकत्र मांडून इथल्या संस्कृतीलाच जाब विचारला.

आपल्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ मध्येच महार, मांग, रामोशी, बेरड यांची हजेरी बंद केली. स्वतंत्र भारताने तो कायदा रद्द करायला १९५२ उजाडले. आणि १९५९ मध्ये सराईत गुन्हेगारांचा कायदा आणून मुंबई राज्याने मागचे दार उघडेच ठेवले. तुरुंगातली जातवार कामे आणि विमुक्तांकडे सराईत म्हणून पाहणे यावर सर्वोच्च न्यायालयाला थेट २०२४ मध्ये बोलावे लागले.

आज ७ सप्टेंबरला सरकारी कचेरीत उमाजींच्या फोटोला हार घातला जातो. गावात चोरी झाली की मात्र विमुक्तांच्या वस्तीतली पोरे आधी उचलली जातात. वस्तीत काम करताना हे मी पाहिले आहे.

हार घालणाऱ्यांना एकच विचारा : फोटोतला माणूस क्रांतिकारक, तर त्याचे वारस संशयित कसे?