पेनड्राइव्हमधली न उघडणारी फाईल आणि कॅमेऱ्याच्या पाच आकड्यांची गोष्ट

मित्रहो, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

गेल्या महिन्यात आपल्या लोहाऱ्याच्या बाजारपेठेत एका ओळखीच्या दुकानात चोरी झाली. दुकानात सीसीटीव्ही होता आणि तो चालूही होता. (या दोन्ही गोष्टी एकाच वेळी असणं म्हणजे नशीबच म्हणायचं.) दुकानदाराने रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर घेतलं आणि कॉम्प्युटरला लावलं, तर फाईल उघडेना. दुसऱ्या कॉम्प्युटरवर नाही, मोबाईलवर नाही. कॅमेरे बसवणाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, "त्याला आमच्या कंपनीचाच प्लेअर लागतो, सीडी डब्यात होती की." डबा तीन वर्षांपूर्वीच भंगारवाल्याकडं गेलेला.

मग मला बोलावणं आलं. "दादा, तुमाला त्यातलं कळतंय ना?" आता मी पत्रकारितेची पदविका घेतलेला माणूस, मला काय कळणार? पण हा रोग माझ्या ओळखीचा होता. २००७ साली मी स्वतः त्यातून गेलोय.

तेव्हा नवीन नवीन नेटचं वेड होतं. कॅफेत तासाला पैसे मोजायचे आणि याहू मेसेंजरवर पुण्यातल्या मित्राचा चेहरा बघायचा, तोही लाईट असली तर. मी घरी जुना कॉम्प्युटर घेतला होता. विंडोज विकत घ्यायला पैसे नव्हते आणि चोरीचं वापरायला लाज वाटायची, म्हणून उबुंटू लिनक्स टाकलं. त्या काळी त्याची सीडी फुकटात पोस्टाने घरपोच यायची. पोस्टमनकाकांना वाटायचं, परदेशातलं काहीतरी भारी पार्सल आलंय. सगळं चाललं, फक्त हौसेनं आणलेला वेबकॅम चालेना. पडद्यावर हिरव्या-जांभळ्या पट्ट्या यायच्या. दुकानदार म्हणाला, कॅमेरा चांगला आहे, तुझं लिनक्सच खुळं आहे. मी तो कपाटात टाकला. दीड-दोन वर्षांनी उबुंटूची नवी आवृत्ती टाकली, सहज कॅमेरा लावून बघितला आणि समोर माझंच तोंड! मी काहीच केलेलं नव्हतं. मग हे केलं कोणी, असा प्रश्न पडला. बातमीदाराची खोड, जात नाही.

शोधल्यावर कळलं ते असं. तेव्हाचे वेबकॅम यूएसबीच्या ज्या तारेला लागायचे तिची ताकद सेकंदाला १२ मेगाबिट, म्हणजे फार तर दीड मेगाबाइट. ६४० बाय ४८० ठिपक्यांचं एक रंगीत चित्र न दाबता पाठवायचं तर ९ लाख २१ हजार ६०० बाइट लागतात. म्हणजे सेकंदाला दोन चित्रंसुद्धा धड जाणार नाहीत. म्हणून प्रत्येक चिप बनवणाऱ्या कंपनीने चित्र दाबून पाठवायची आपापली युक्ती काढली. ती युक्ती विंडोजच्या सीडीत बंद. कागदावर कुठंच नाही.

त्यात आणखी एक भानगड. व्हिडिओचा माल या तारेतून छोट्या छोट्या पाकिटांत येतो आणि एखादं पाकीट हरवलं तर कॅमेरा ते पुन्हा पाठवत नाही. गेलं ते गेलं. मग कॉम्प्युटरने ओळखायचं कसं की जुनं चित्र इथं संपलं आणि नवं इथून सुरू झालं? त्यासाठी प्रत्येक चित्राच्या सुरुवातीला कॅमेरा एक ठरलेली खूण पाठवतो. तैवानच्या पिक्सआर्ट कंपनीच्या चिपांची खूण पाच आकड्यांची: २५५, २५५, ०, २५५, १५०. सोनिक्सच्या जुन्या चिपांची सहा आकड्यांची: २५५, २५५, ०, १९६, १९६, १५०. या खुणेपासून चित्र सुरू होईपर्यंतचा जो मजकूर, त्याला म्हणायचं फ्रेम हेडर.

आपल्याकडच्या लोकांना हे पटकन समजेल. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायची मोहीम निघाली तेव्हा मराठवाडाभर निजामकाळातली दप्तरं बाहेर आली. कुठं मोडी, कुठं उर्दू. मोडी वाचणारी म्हातारी माणसं शोधायला आम्ही पत्रकारसुद्धा हिंडलो. त्यांची नजर आधी मधल्या मजकुरावर जात नव्हती. कागद कुठल्या गावचा, कशाचा, साल कुठलं, हे वरच्या ओळीत बघायचे. साल फसली असायचं, त्यात ५९० मिळवले की आपलं इसवी सन. १३५७ फसली म्हणजे १९४७. हे ज्याला ठाऊक नाही त्याला तो कागद म्हणजे नुसत्या रेघा.

कॅमेऱ्याची ही मोडी वाचणारी माणसं जगभर विखुरलेली होती. फ्रान्समधले मिशेल झार हे पेशाने डॉक्टर. पेशंट तपासून उरलेल्या वेळात त्यांनी दोनशेहून जास्त वेबकॅम लिनक्सवर चालते केले. इटलीचे लुका रिसोलिया यांनी सोनिक्सच्या चिपांचा ड्रायव्हर लिहिला, आणि मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते म्हणजे हेडरमधल्या एकेका बाइटचा अर्थ तक्त्यासारखा लिहून ठेवला. त्याच चिपांची चित्र दाबायची पद्धत बर्ट्रिक सिकेन यांनी उलगडली. पुढे जाँ-फ्रान्स्वा म्वान आणि हॉलंडचे हान्स दे खुदे यांनी हा सगळा पसारा नीट लावला, आणि ऑक्टोबर २००८ मध्ये तो लिनक्सच्या मुख्य गाभ्यात, २.६.२७ या आवृत्तीत गेला. कपाटातला माझा कॅमेरा जिवंत झाला तो याच्यामुळं.

उलगडायची रीत ऐकून मला तर आपला गुरं पारखणारा दलालच आठवला. कॅमेरा विंडोजवर चालवायचा आणि तारेतून काय जातंय त्याची नोंद घ्यायची. मग लेन्सवर अंगठा ठेवायचा. हजारो आकड्यांत कुठला आकडा खाली येतो? आता बॅटरी मारायची. तोच आकडा वर जातो का? जात असेल तर तो उजेडाचा आकडा. पिक्सआर्टच्या पीएसी२०७ या चिपमध्ये खुणेनंतर ११ बाइटांचं हेडर असतं आणि त्यातला पाचवा बाइट म्हणजे अख्ख्या चित्राचा सरासरी उजेड. ड्रायव्हर तो वाचतो, खोली अंधारी दिसली की कॅमेऱ्याला "वाढव" म्हणून सांगतो, ऊन पडलं की "कमी कर". हा एक बाइट सापडला नसता तर चित्र दिसलं असतं, पण एकतर काळं ठिक्कर, नाहीतर पांढरं फटक. याच चिपमध्ये चित्राच्या प्रत्येक ओळीलाही स्वतंत्र खूण असते, ही ओळ दाबलेली आहे की तशीच आहे एवढं सांगणारी.

काही कॅमेरे तर जेपेग फोटोच पाठवायचे, पण त्याचं वरचं हेडर कापून. रोज तेच ते कशाला पाठवायचं, म्हणून. मग ड्रायव्हरने ते सुमारे सहाशे बाइटचं डोकं स्वतः तयार करून धडाला जोडायचं.

सगळंच गोडीत झालं असंही नाही. फिलिप्सच्या वेबकॅमचा ड्रायव्हर नेमोसॉफ्ट या टोपणनावाने लिहिणाऱ्या एकाने केला होता. कंपनीने त्याला माहिती दिली होती, पण गुप्ततेच्या करारावर, म्हणून चित्र सोडवायचा भाग त्याने बंदच ठेवला. ऑगस्ट २००४ मध्ये लिनक्सवाल्यांनी त्या बंद भागासाठी ठेवलेली खुंटी काढून टाकली. तो चिडला आणि अख्खा ड्रायव्हरच मागे घ्या म्हणाला. चालू कॅमेरे एका रात्रीत अडचणीत. शेवटी ल्यूक सैलार यांनी तो बंद भाग उलगडून खुला लिहिला तेव्हा मार्ग निघाला. बरोबर कोण होतं? मला विचाराल तर लिनक्सवाले. पण त्यात भरडला गेला तो कॅमेरा विकत घेतलेला साधा माणूस, हेही तितकंच खरं.

पुढे या भांडणातली हवाच गेली. यूएसबीच्या संघटनेने २००३ मध्ये सगळ्या वेबकॅमसाठी एकच नियम काढला, यूव्हीसी. त्यात हेडरमध्ये काय कुठं असेल ते छापील आहे. पहिला बाइट हेडरची लांबी सांगतो. दुसऱ्यात एक बिट असा की नवं चित्र सुरू झालं की तो पालटतो, शून्याचा एक, एकाचा शून्य. लॉरां पिंशार यांचा त्यासाठीचा ड्रायव्हर जुलै २००८ मध्ये २.६.२६ सोबत आला. आज तुम्ही कुठलाही वेबकॅम लावता आणि सीडी न मागता तो चालतो, त्याचं कारण हे.

आता पुन्हा आपल्या दुकानात येऊ. वेबकॅम सुधारले, पण स्वस्तातले डीव्हीआर अजून २००४ मध्येच आहेत. मी ती फाईल आकडे दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडली. सुरुवातीला कंपनीचं काहीतरी अगम्य. थोडं खाली गेलो तर ०, ०, ०, १ आणि मग १०३. ही एच.२६४ ची खूण. म्हणजे आत साधा, जगभर चालणारा व्हिडिओ, वर फक्त कंपनीची गोधडी पांघरलेली. फाईलची एक प्रत काढली, त्या प्रतीतला वरचा भाग छाटला आणि व्हीएलसीत टाकली. चित्र अडखळत का होईना, दिसलं. तोंडाला रुमाल, पायात चप्पल, वेळ रात्रीचे दोन दहा.

पण खरी मेख इथं आहे. छाटलेली प्रत कोर्टात चालेल का? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाईलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे तिच्या अंगठ्याचा ठसा, लिहावा लागतो. एक बाइट बदलला तरी ठसा बदलतो. म्हणून दुकानदाराला सांगितलं, मूळ पेनड्राइव्हला हात लावू नका, डीव्हीआर पुसू नका, माझी प्रत फक्त बघण्यापुरती. मूळ फाईल आणि डीव्हीआर तपास अधिकाऱ्यांकडे द्या.

चौकाचौकात कॅमेरे लागतायत, शाळांत लागतायत, खर्च आपल्या पैशातून होतोय. टेंडरमध्ये कॅमेरे किती आणि किती मेगापिक्सेल हे लिहिलेलं असतं. रेकॉर्डिंग कुठल्या फॉरमॅटमध्ये निघेल, ते कंपनीच्या प्लेअरशिवाय उघडेल का, हे मी वाचलेल्या एकाही कागदात नव्हतं. कंपनी उद्या बंद पडली तर? मी तालुक्यातल्या दोन कार्यालयांकडे माहिती अधिकारात एवढंच विचारलंय: रेकॉर्डिंगचा फॉरमॅट कोणता, आणि प्लेअरची प्रत कार्यालयाकडे आहे का. सोमवारी अर्ज दिला, पोच घेतली. तीस दिवस मोजतोय. उत्तर आलं की जसंच्या तसं इथं टाकतो.

आणि कुणाच्या घरी जुना, बंद पडलाय म्हणून टाकलेला वेबकॅम असेल तर भंगारात देऊ नका, माझ्याकडं आणा. माझा २००७ चा अजून चालतोय, काल पोराने त्यावर ऑनलाईन तास केला.