आटे गेले तर? एका छोट्या दुरुस्तीचा इतिहास

गेल्या पावसाळ्यात बाबांच्या जुन्या गाडीचे स्पार्क प्लग मी स्वतःच बदलायला घेतले. शेवटचा प्लग आवळताना पान्यावर जरा जास्तच जोर दिला आणि हाताला एकदम सैल लागलं. प्लग नुसता गोल फिरत होता. गॅरेजवाले काका बघून म्हणाले, “आटे गेले, ताई.”

मला वाटलं, आता अख्खं हेड बदलावं लागणार. काकांनी टॅपला भरपूर ग्रीस लावलं, म्हणजे चुरा त्यालाच चिकटतो, सिलिंडरमध्ये पडत नाही. भोक मोठं करून नवे आटे पाडले, त्यात तारेची एक स्प्रिंग फिरवून बसवली आणि त्याच मापाचा प्लग परत लावला. “आता हे पहिल्यापेक्षा मजबूत,” ते म्हणाले.

दुरुस्त केलेली वस्तू मूळ वस्तूपेक्षा मजबूत कशी? माझं एम.एस्सी. भौतिकशास्त्रातलं, त्यामुळे हा प्रश्न डोक्यातून जाईना.

उत्तर तसं सोपं आहे. साध्या जोडात सगळे आटे भार सारखा वाटून घेत नाहीत, पहिला आटाच साधारण एक तृतीयांश भार उचलतो. बोल्ट पोलादी आणि भोक ॲल्युमिनियमचं असेल, तर आधी मऊ धातूचे आटे जातात. स्प्रिंग बसवली की ॲल्युमिनियममधले आटे मोठ्या व्यासाचे होतात, म्हणजे पकड जास्त क्षेत्रफळावर येते. शिवाय तार थोडी लवचीक असल्यामुळे भार पुढच्या आट्यांपर्यंतही पोचतो.

आता इतिहास बघू. हलक्या धातूची गरज आधी विमानाला पडली. राइट बंधूंच्या 1903 च्या विमानाच्या इंजिनाचा क्रँककेसही ॲल्युमिनियमचाच ओतलेला होता. बोल्ट मात्र पोलादीच लागायचे, आणि इंजिन दुरुस्तीसाठी पुन्हा पुन्हा खोलावं लागायचं. दर वेळी मऊ आटे थोडे झिजणार. हॅरॉल्ड कॅमिनेझ हे अमेरिकन इंजिनिअर मुळात विमान इंजिनांतले. 1930 च्या दशकात त्यांनी आट्यांत बसवायच्या तारेच्या गुंडाळीवर पेटंट घेतलं. मऊ धातूतला जोड मुळातच टिकाऊ करायचा, हा हेतू. हीच गुंडाळी पुढे हेलिकॉइल नावाने गॅरेजात पोचली. आपण जिला ‘जुगाड’ समजतो ती गोष्ट अशी विमानातून आलेली आहे!

मोटारीतलं माझं आवडतं उदाहरण म्हणजे फोक्सवॅगन बीटल. 17 फेब्रुवारी 1972 ला या गाडीने फोर्ड मॉडेल टीच्या 1,50,07,034 गाड्यांचा विक्रम मोडला. तिच्या हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाचा क्रँककेस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा. त्यात 10 मिमी जाडीचे लांब पोलादी स्टड बसवलेले, आणि तेच सिलिंडर आणि हेड दाबून धरायचे. इंजिन तापलं की ॲल्युमिनियमचं हेड आणि सिलिंडर स्टडपेक्षा जास्त प्रसरण पावतात. ताण वाढतो आणि शेवटी स्टड मॅग्नेशियममधले आटे घेऊनच वर येतो. यावर मेकॅनिक मोठं भोक पाडून पोलादी बुश बसवत.

1970 च्या दशकाच्या सुरुवातीला कारखान्यानेच क्रँककेसमध्ये बुश बसवायला सुरुवात केली, आणि स्टड जाड करण्याऐवजी बारीक केले, 8 मिमीचे. हे उलटं वाटतं ना? पण 8 मिमीच्या सळीचं क्षेत्रफळ 10 मिमीच्या 64 टक्केच असतं. ती जास्त ताणली जाते, म्हणून हेड प्रसरण पावलं तरी आट्यांवरचा ओढ कमी वाढतो.

इथे मी घसरले. संशोधन प्रस्तावाच्या पहिल्या मसुद्यात मी थाटात लिहिलं, ‘गॅरेजमधली दुरुस्ती कारखान्याने उचलली.’ गाइडनी त्या वाक्याखाली पेन्सिलने एकच शब्द लिहिला: ‘पुरावा?’ माझ्याकडे होता फक्त क्रम. आधी हे झालं, मग ते झालं. पण बुशची कल्पना कारखान्याला विमान उद्योगातूनही मिळू शकते, वॉरंटीच्या तक्रारींतूनही, किंवा त्यांच्याच चाचण्यांतूनही. क्रम म्हणजे कारण नव्हे, हे विज्ञानात आपण पहिल्या वर्षी शिकतो आणि इतिहास लिहिताना सोयीस्कर विसरतो.

ते वाक्य मी खोडलं आणि त्याजागी प्रश्न लिहिला: कारखान्याचा निर्णय कुठल्या कागदावर उमटला असेल? वर्षावर्षाची सुट्या भागांची पुस्तकं, डीलरना पाठवलेली तांत्रिक पत्रकं, दुरुस्तीच्या मॅन्युअलच्या बदलत्या आवृत्त्या. अशी साधनं बहुतेक वेळा ग्रंथालयात नसतात, जुन्या वर्कशॉपच्या कपाटात असतात. प्रस्ताव मंजूर झाला तो या यादीमुळे, आधीच्या ठाम विधानामुळे नाही.

तुम्ही प्रस्ताव लिहायला बसला असाल तर एवढं करून बघा. तुमच्या मसुद्यातलं सगळ्यात आवडतं वाक्य काढा आणि त्याच्याखाली स्वतःच ‘पुरावा?’ असं लिहा. वाक्य टिकलं नाही तर घाबरू नका. तिथे भोक थोडं मोठं करा, नवे आटे पाडा. काका म्हणाले तसं, जोड पहिल्यापेक्षा मजबूत होतो.