छत्तीस अंश तीस कलांची रेघ

जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा निग्रो दास्याच्या निवारणार्थ अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील सदाचारी लोकांनी केलेल्या स्वार्थत्यागाचे स्मरण ठेवून तो त्यांनाच अर्पण केला, ही गोष्ट मराठी वाचकास नव्याने सांगावयास नको. परंतु ज्या प्रजेस ही अर्पणपत्रिका लाभली, तिच्याच प्रतिनिधींनी यादवीपूर्वीची चाळीस वर्षे हा प्रश्न एकामागून एक तहनामे करून तहकूब ठेवण्यात घालविली होती, आणि प्रत्येक वेळी तो पुन्हा उभा राहिला तो पश्चिमेकडे नव्याने मिळालेल्या जमिनीच्या मामल्यातून, या अंगाची चर्चा आपल्याकडे फारशी झालेली नाही.

१८०३ साली नेपोलियनने मिसिसिपी नदीपलीकडचा लुइझियाना हा सुमारे ८,२८,००० चौरस मैलांचा मुलूख दीड कोटी डॉलरांस विकावयास काढला. असा मुलूख खरेदी करण्याचा अधिकार घटनेत स्पष्टपणे लिहिलेला नाही, ही शंका खुद्द अध्यक्ष जेफर्सन यांनाच होती; पण सौदा हातचा जाईल या भयाने त्यांनी ती गिळली. त्या भूमीवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मूळ रहिवाशांना मात्र विकणाऱ्याने विचारले नाही आणि घेणाऱ्यानेही नाही. त्याआधी दहाच वर्षे, १७९३ मध्ये, एली व्हिटनी याने कापसातून सरकी वेगळी करण्याचे यंत्र काढले होते. त्यामुळे दक्षिणेतील कापसाची शेती इतकी किफायतीची झाली की, जी गुलामगिरी आपोआप क्षीण होईल अशी कित्येक राष्ट्रधुरीणांची समजूत होती, तिच्या जोखडाखालील माणसांची संख्या १७९० मधील सुमारे सात लाखांवरून १८६० पर्यंत चाळीस लाखांच्या घरात गेली. (याच कापसाची निर्यात यादवीमुळे थांबताच मुंबईच्या पेढ्यांवर पैशाचा कसा पाऊस पडला, आणि १८६५ साली युद्ध संपताच त्यांतील किती पेढ्यांचे दिवाळे वाजले, ही कथा तर आपल्या घरचीच आहे.)

कापसाला नवी जमीन हवी होती, आणि नवी जमीन संस्थान म्हणून संघात आली की सिनेटमध्ये तिची दोन मते होती. सारे राजकारण या दोन मतांभोवती फिरले. १८१९ साली मिसुरीचा अर्ज आला, आणि त्या वर्षाअखेर गुलामगिरी मान्य असलेली अकरा आणि नसलेली अकरा अशी संस्थानांची तुल्यबळ विभागणी होती. वर्षभराच्या कडाक्याच्या वादानंतर असे ठरले की, मिसुरीस गुलामांसह घ्यावे, समतोलासाठी मेन हे गुलामविरहित संस्थान निर्माण करावे, आणि लुइझियानाच्या उरलेल्या मुलखात ३६ अंश ३० कला या अक्षांशाच्या उत्तरेस गुलामगिरीस कायमची बंदी असावी. सत्त्याहत्तर वर्षांच्या जेफर्सननी, जे स्वतः शेकडो गुलामांचे धनी होते, या वादाची वार्ता आपणास मध्यरात्रीच्या आगीच्या घंटेसारखी दचकवून गेली असे एका स्नेह्यास लिहिले. घंटा त्यांनी अचूक ओळखली. आपल्या घरचे गुलाम मुक्त करण्याची बुद्धी मात्र त्यांस फारशी झाली नाही.

या रेघेच्या दक्षिणेसही जमीन रिकामी नव्हती. जॉर्जियातील चेरोकी लोकांपाशी स्वतःची लिपी, स्वतःची लिखित घटना आणि स्वतःचे वृत्तपत्र होते. १८३२ साली सर्वोच्च न्यायालयाने, त्यांच्या हद्दीत जॉर्जियाच्या कायद्यांचा अंमल चालत नाही, असा निवाडाही दिला. तो निवाडा दप्तरातच राहिला, आणि १८३८ साली लष्कराच्या पहाऱ्यात हाकलल्या गेलेल्या सुमारे सोळा हजारांपैकी चार हजारांच्या आसपास माणसे या निष्कासनात दगावली.

मग मेक्सिकोची पाळी आली. १८४६ ते १८४८ च्या युद्धानंतर कॅलिफोर्नियापर्यंतचा मुलूख हाती लागला, आणि योगायोग असा की याही वेळी मोजलेली रक्कम दीड कोटी डॉलर्सच होती. तहावर सह्या होण्याच्या नऊ दिवस आधी कॅलिफोर्नियात सोने सापडले होते, पण सह्या करणाऱ्यांस त्याचा गंध नव्हता. सोन्यामागे इतके लोक धावले की दोन वर्षांतच तो प्रांत संस्थानपदाचा अर्ज घेऊन दारी उभा राहिला, तोही गुलामगिरी नाकारून. १८५० च्या तडजोडीत त्यास प्रवेश मिळाला. दक्षिणेस त्याच्या बदल्यात पळालेल्या गुलामांना धरून परत पाठविण्याचा कडक कायदा मिळाला. या कायद्यान्वये नेमलेल्या अधिकाऱ्याने आरोपीस मालकाच्या हवाली केले तर त्यास दहा डॉलर आणि मोकळे सोडले तर पाच डॉलर मेहनताना मिळे. जास्त कागदपत्रे करावी लागतात म्हणून जास्त फी, असे तिचे समर्थन करण्यात येई.

शेवटी रेघ पुसली ती एका लोहमार्गाच्या पायी. शिकागोहून पश्चिमेकडे रेल्वे न्यावयाची तर मधल्या मुलखात रीतसर कारभार हवा, त्यासाठी दक्षिणेची मते हवीत, आणि ती मते हवीत तर बंदीची रेघ नको, असा इलिनॉयचे सिनेटर स्टीफन डग्लस यांचा हिशेब होता. १८५४ च्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने ती रद्द झाली आणि गुलामगिरी असावी की नसावी हे तेथील वसाहतवाल्यांनीच मतांनी ठरवावे, असे तत्त्व आले. दुसऱ्याची मुक्तता तिसऱ्याच्या मतपेटीत टाकणाऱ्या या तत्त्वास लोकशाही म्हणावयाचे असेल तर म्हणावे! मार्च १८५५ मध्ये कॅन्ससच्या विधिमंडळाची निवडणूक झाली. खानेसुमारीप्रमाणे मतदार होते २,९०५, आणि मते पडली सहा हजारांहून अधिक, कारण शेजारच्या मिसुरीतून सशस्त्र टोळ्या नदी ओलांडून मतदानास आल्या होत्या. असे निवडून आलेल्या मंडळाने, येथे गुलाम बाळगण्याचा हक्क कोणास नाही असे बोलणाऱ्यास किमान दोन वर्षे सक्तमजुरी, असा कायदा केला. २१ मे १८५६ रोजी गुलामगिरीविरोधकांचे लॉरेन्स गाव लुटले गेले, छापखाने मोडले गेले. दुसऱ्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये, कॅन्ससविषयी जहाल भाषण केलेल्या चार्ल्स समनर या सिनेटरास दक्षिणेच्या प्रेस्टन ब्रुक्स या प्रतिनिधीने सभागृहातच काठी मोडेपर्यंत झोडपले. तिकडे कॅन्ससमध्ये गुलामगिरीचा कडवा विरोधक जॉन ब्राउन याने २४ मे च्या रात्री पाच वसाहतवाल्यांना झोपडीबाहेर ओढून तलवारीने कापले. ते गुलामगिरीचे पक्षपाती होते खरे, पण त्यांतील एकाच्याही पदरी गुलाम नव्हता. ब्राउनच्या कार्याचा मी चाहता असूनही त्या रात्रीचे समर्थन मला करता येत नाही.

१८५७ साली ड्रेड स्कॉट या गुलामाच्या खटल्यात सरन्यायाधीश टॅनी यांनी, ती रेघ आखण्याचा अधिकारच काँग्रेसला नव्हता, असा निर्णय दिला. म्हणजे तीन वर्षांपूर्वी जी पुसली गेली ती मुळात जन्मासच आली नव्हती असे ठरले. त्यानंतर तडजोडीस जागा उरली नाही. लिंकन निवडून आले, आणि दक्षिणेची संस्थाने एकेक करून संघ सोडू लागली. २१ जानेवारी १८६१ रोजी जेफर्सन डेव्हिस आदी दक्षिणेचे पाच सिनेटर निरोप घेऊन सभागृहाबाहेर पडले, आणि त्याच दिवशी सिनेटने कॅन्ससचा अर्ज मंजूर केला. २९ जानेवारीस ते गुलामविरहित संस्थान म्हणून संघात दाखल झाले. तोपर्यंत सहा संस्थाने संघाबाहेर गेली होती.